डॉक्टर झालं, मग अजून शिकालंय कशाला?

बीपीच्या गोळ्या संपल्या की महिन्याच्या पहिल्या आठवड्यात ते दवाखान्यात येतात. मार्केट यार्डात एका गुळाच्या अडतीवर दिवाणजी आहेत. माणूस आत आला की गुळाचा वास आधी येतो. परवा दंडाला पट्टा बांधून मी हवा भरत होते, तर मध्येच म्हणाले, "मॅडम, एक इचारू? पोरगं एमबीबीएस पास झालं. पेढे वाटले, चौकात डिजिटल लागलं. आणि आता म्हणतंय अजून वर्षभर इंटर्न, मग परीक्षा, मग आणि तीन वर्षं. डॉक्टर झालं न्हवं? मग अजून शिकालंय कशाला?"

बीपी मोजताना बोलू नका, हे त्यांना दर महिन्याला सांगते. आकडा वाढलेला आला. पाच मिनिटांनी परत मोजायचं ठरलं आणि ती पाच मिनिटं मी या प्रश्नाला दिली. पुरली नाहीत, म्हणून हे लिहितेय. हाच प्रश्न कोल्हापुरात निदान शंभर घरांत पडलेला असणार.

पहिली गोष्ट, पेढे थोडे लवकर वाटले गेले. एमबीबीएसचं शिक्षण साडेचार वर्षांचं. शेवटच्या वर्षाची परीक्षा पास झाली की पुढे एक वर्ष सक्तीची इंटर्नशिप असते. सरकारी कागदावर तिला आंतरवासिता म्हणतात. ती पूर्ण झाल्याशिवाय नाशिकचं आरोग्य विज्ञान विद्यापीठ पदवी देत नाही. या वर्षात महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलची नोंदणी असते ती तात्पुरती. वर्ष संपलं की कायमची नोंदणी होते आणि मग माणूस स्वतःच्या नावाची पाटी लावू शकतो. म्हणजे दिवाणजींचा मुलगा परीक्षा पास झालाय, कागदोपत्री डॉक्टर व्हायचा अजून बाकी आहे. हे ऐकून त्यांचा चेहरा जरा पडला.

इंटर्नचं वर्ष सगळ्या विभागांतून फिरण्याचं असतं. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या २०२१ च्या नियमांत ५२ आठवड्यांची वाटणी ठरवून दिली आहे. सगळ्यात मोठा वाटा सामुदायिक वैद्यकशास्त्राचा, १२ आठवडे. यात प्राथमिक आरोग्य केंद्र, लसीकरण, गावातली कामं येतात. बाळंतपण आणि कुटुंबनियोजनाला ७, मेडिसिनला ६, सर्जरीला ६, बालरोगाला ३. मानसोपचार, भूल, हाडं, डोळे, कान-नाक-घसा आणि कॅज्युअल्टी, म्हणजे तातडीचा विभाग, यांना प्रत्येकी दोन-दोन. त्वचारोग आणि न्यायवैद्यक यांना एकेक आठवडा, आणि ४ आठवडे आवडीच्या विषयांना. सुट्टी वर्षभरात जास्तीत जास्त १५ दिवस. कॅज्युअल्टीला दोनच आठवडे का, हे मला आजतागायत पटलेलं नाही. माझ्या हातात असतं तर सहा केले असते.

पैसे? राज्यातल्या सरकारी कॉलेजांत इंटर्नचं विद्यावेतन बरीच वर्षं ११ हजार होतं, २०२४ मध्ये ते १८ हजार झालं. दिवाणजींनी मनातल्या मनात हिशेब केला आणि म्हणाले, "दोन म्हशी बऱ्या की मग."

इंटर्नने स्वतःच्या एकट्याच्या जबाबदारीवर काम करायचं नसतं, वरिष्ठांच्या देखरेखीखाली करायचं असतं. वैद्यकीय दाखला, मृत्यूचा दाखला, पोलिस केसची कागदपत्रं यावर त्याची सही चालत नाही. नातेवाईक कॅज्युअल्टीत इंटर्नला गाठून "दाखला तेवढा द्या की" म्हणून मागे लागतात, तो देत नाही, आणि मग "माज आलाय" असं बोलणं होतं. माज नाही हो, त्याला तो अधिकारच नाही.

मग तो करतो काय? पहाटे साडेपाचला उठून रक्त काढतो. चाळीस खाटांचा वॉर्ड, प्रत्येकाच्या तपासण्या वेगळ्या, प्रत्येक तपासणीची नळी वेगळ्या टोपीची. जांभळी रक्तपेशींसाठी, करडी साखरेसाठी, निळी रक्त गोठायला किती वेळ लागतो ते बघण्यासाठी. निळ्या नळीत औषध आधीच घातलेलं असतं आणि एक भाग औषधाला नऊ भाग रक्त हे प्रमाण साधलं तरच उत्तर बरोबर येतं. रेषेच्या खाली भरली की लॅब नळी परत पाठवते. मग त्याच आजीच्या त्याच सुकलेल्या शिरेत परत सुई, आणि आजी सगळ्या वॉर्डाला ऐकू जाईल अशा आवाजात तुमच्या खानदानाचा उद्धार करते. प्रमाणाचं गणित पुस्तकात एक ओळ आहे. ते हाताला कळतं ते आजीमुळे.

याच्या जोडीला टाके घालणं, सलाईन लावणं, लघवीची नळी घालणं, ड्रेसिंग, केसपेपर लिहिणं, रक्तपेढीत पळणं, एक्स-रे हुडकून आणणं. यातलं निम्मं काम डॉक्टरचं आहे आणि निम्मं मनुष्यबळ कमी असल्यामुळे त्याच्या गळ्यात पडलेलं आहे. दोन्हीला आम्ही शिक्षण म्हणतो, हे जरा सोयीचं आहे.

माझ्या इंटर्नशिपमधली एक रात्र सांगते. रुग्णालयाचं नाव सांगत नाही, गरजही नाही. पावसाळा होता. वैरण काढायला गेलेल्या एका बाईला पायाला साप चावला होता. वर्णनावरून घोणस. पाय सुजलेला, वर कुणीतरी साडीची किनार करकचून बांधलेली. सीनियर म्हणाले, वीस मिनिटांची टेस्ट लाव.

ही टेस्ट इतकी साधी आहे की तुम्हालाही करता येईल असं वाटेल. शिरेतून २ मिली रक्त काढायचं, स्वच्छ कोरड्या काचेच्या नळीत घालायचं, नळी स्टँडवर ठेवायची आणि वीस मिनिटं तिला हात लावायचा नाही. मग एकदाच कलती करायची. रक्ताची गाठ झाली असेल तर ठीक. पाण्यासारखं वाहिलं तर विषाने रक्त गोठण्याची ताकद मोडली आहे, आणि सर्पविषावरची लस लगेच सुरू करायची.

खणात काचेच्या नळ्या संपल्या होत्या. मी प्लॅस्टिकची घेतली. आणि धीर धरवेना म्हणून बारा मिनिटांतच कलती करून बघितली. रक्त वाहिलं. मी पळत गेले, "सर, गोठलं नाही!"

त्यांनी दोनच प्रश्न विचारले. किती मिनिटं झाली? नळी कसली?

रक्त गोठायची क्रिया काचेच्या पृष्ठभागामुळे सुरू होते. प्लॅस्टिकमध्ये निरोगी माणसाचं रक्तही बराच वेळ पातळ राहू शकतं. सरांनी स्वतः लॅबमधून काचेची नळी आणली, नव्याने रक्त घातलं आणि स्टूल ओढून नळीसमोर बसले. मधल्या वेळात मला लस तयार ठेवायला लावली. दहा कुप्या. मोठ्या माणसाला आणि लहान मुलाला डोस एकच, कारण साप चावताना समोरच्याचं वय बघून विष सोडत नाही. शेजारी ॲड्रेनॅलीनची सिरिंज भरून ठेवायला लावली, लसीचीच ॲलर्जी आली तर वेळ जाऊ नये म्हणून. वीस मिनिटांनी नळी कलती केली. रक्त वाहिलं.

म्हणजे उत्तर तेच आलं. सर म्हणाले, "तुझं उत्तर बरोबर होतं, पण ते तुझं नव्हतं." ती बाई सहा दिवसांनी चालत घरी गेली. मला ते वाक्य घेऊन वीसेक वर्षं झाली.

परीक्षेत "ही चाचणी कुठल्या नळीत करतात?" असं विचारून चार पर्याय दिले असते, तर मी डोळे झाकून काचेची म्हटलं असतं. मला माहिती होतं. रात्री दोन वाजता, खण रिकामा असताना, बाईचा नवरा शेजारी उभा असताना ते माहिती असणं उपयोगी आलं नाही. शेवटच्या परीक्षेनंतरची पहिली दोन-चार वर्षं ही दरी भरण्यासाठी असतात.

दिवाणजींना मी गुऱ्हाळावरच्या गुळव्याचं उदाहरण दिलं. काहिलीतला पाक कधी उतरवायचा, हे त्याला कोण सांगतं? ते खुलले. "पाण्यात टाकून गोळी वळून बघतो की. एक उकळी जास्त झाली तर रंग गेला, कमी झाली तर ढेप बसत न्हाई." मग तो शिकला कुठं? "दुसऱ्या गुळव्याच्या हाताखाली. चार-पाच हंगाम निस्तं बघायचं, मग एक काहील हातात." आणि ती पहिली काहील बिघडली तर? "म्हातारा शेजारीच उभा असतोय न्हवं."

म्हाताऱ्याने शेजारी उभं असणं, एवढीच खरी अट आहे. नव्या डॉक्टरला सगळ्यात अवघड जाणारी गोष्ट म्हणजे सीनियरला फोन कधी करायचा हे ठरवणं. फार लवकर केला तर "एवढंही कळत नाही का?" आणि उशीर केला तर पेशंट हातचा जातो. चांगल्या युनिटमध्ये, म्हणजे एका मोठ्या डॉक्टरच्या हाताखालच्या पथकात, फोन कसा करायचा हेसुद्धा शिकवतात: पेशंट कोण, झालंय काय, मी आतापर्यंत काय केलं, आणि मला तुमच्याकडून नेमकं काय हवंय. चार वाक्यं. मी एका ठिकाणी असंही युनिट बघितलंय जिथे रात्री तीनला फोन केला की शिव्या मिळत. तिथले ज्युनियर फोन करायचंच टाळत. मग सकाळच्या राउंडला जे दिसायचं ते दिसायचं.

आता परीक्षेकडे येते, कारण इंटर्नचं वर्ष जर कशाने पोखरलं असेल तर या परीक्षेने. पदव्युत्तर प्रवेशाची नीट पीजी पहिल्यांदा २०१३ च्या प्रवेशांसाठी झाली आणि २०१७ पासून सलग चालू आहे. २०० प्रश्न, साडेतीन तास, ८०० गुण, बरोबर उत्तराला ४ आणि चुकलं की १ वजा. २०२४ मध्ये ती ठरलेल्या दिवसाच्या आदल्या रात्री पुढे ढकलली गेली. मुलं परगावच्या लॉजवर बॅगा उघडून बसलेली होती. ती शेवटी ११ ऑगस्टला झाली. २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सगळ्यांची एकाच सत्रात घ्या असं सांगितलं आणि ती ३ ऑगस्टला झाली. सरकारी कॉलेजांतल्या निम्म्या जागा देशपातळीवर भरतात, निम्म्या राज्य भरतं.

परिणाम काय होतो, तर इंटर्न वॉर्डात असतो आणि मन मोबाईलमधल्या प्रश्नसंचात. हजेरी लावायची, रक्त काढायचं आणि अभ्यासिका गाठायची. मी त्याला दोष देत नाही. एकेका गुणावर शेकड्यांनी क्रमांक मागे-पुढे होतात. रेडिओलॉजी मिळणार की काहीच नाही हे तिथे ठरतं. वॉर्डात त्याने किती जीव ओतला याला त्या ८०० गुणांत एक गुणही नाही. उलट वर्ष मनापासून करणारा मुलगा क्रमांकात मागे पडतो. एकीकडे ही चुरस, आणि दुसरीकडे २०२३ मध्ये जागा रिकाम्या राहतात म्हणून पात्रतेचं पर्सेंटाइल थेट शून्यावर आणलं, म्हणजे परीक्षेला बसलेला प्रत्येक जण पात्र. शरीररचना, शरीरक्रिया असल्या विषयांना कुणी जात नाही, त्या जागांचं दुखणं ते. मग या परीक्षेने नक्की मोजलं काय, असा प्रश्न मला पडतो. इंटर्नशिपनंतर सगळ्यांची मिळून एकच बाहेर पडायची परीक्षा घ्यायची, 'नेक्स्ट', ही तरतूद २०१९ च्या कायद्यात केलेली आहे. अजून ती कागदावरच आहे.

मधे एक वर्ष बाँडचं. सरकारी कॉलेजात शिकलेल्याने पदवीनंतर एक वर्ष सरकारी सेवा द्यायची. ती टाळायची तर बरीच वर्षं १० लाख भरावे लागत. पदव्युत्तरला तोच आकडा ५० लाखांचा होता. बाँडवर कुणी गगनबावड्याकडे जातो, कुणी चंदगडकडे. बाहेरून ते शिक्षा वाटतं. पण आषाढातल्या पावसात, वीज गेलेली असताना, एक नर्स आणि एक ॲम्ब्युलन्स ड्रायव्हर एवढ्यांच्या जोरावर 'ही बाळंतीण इथेच ठेवू की कोल्हापूरला हलवू' हे ठरवलेला मुलगा वेगळाच होऊन परत येतो. फक्त तिथे शेजारी म्हातारा नसतो, ही गोम. निदान फोनवर कुणीतरी हक्काचं हवं. काही ठिकाणी ते असतं, पण ते माणसांच्या चांगुलपणावर चालतं.

आणि मग ती तीन वर्षं, एमडी किंवा एमएस. याला रेसिडेन्सी म्हणतात आणि शिकणाऱ्याला निवासी डॉक्टर. शब्द शब्दशः खरा आहे. अमेरिकेत बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात, जे १८८९ मध्ये सुरू झालं, ऑस्लर आणि हॉल्स्टेड या दोन डॉक्टरांनी ही पद्धत बसवली. तरुण डॉक्टर रुग्णालयातच राहायचे. आपल्याकडे खोली होस्टेलवर मिळते, पण रात्री वॉर्डातच जातात.

इथे एक गैरसमज काढून टाकते. निवासी डॉक्टर 'शिकाऊ' नसतो. त्याची कौन्सिलकडे पक्की नोंदणी झालेली असते. तो पूर्ण डॉक्टर आहे आणि त्यावर एका विषयातला तज्ज्ञ होतोय. सीपीआरमध्ये, म्हणजे दसरा चौकाजवळच्या आपल्या छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालयात, किंवा कुठल्याही मेडिकल कॉलेजच्या रुग्णालयात तुम्हाला अपरात्री पहिल्यांदा बघतो तो बहुधा हाच. पहिल्या वर्षाचा, म्हणजे जेआर वन (ज्युनियर रेसिडेंट), वॉर्ड सांभाळतो: कुणाचं पोटॅशियम वाढलं, कुणाची लघवी कमी झाली, सगळं त्याच्या डोक्यात. दुसऱ्या वर्षाचा गंभीर पेशंट आणि इमर्जन्सी बघतो. कीटकनाशक प्यायलेल्या माणसाला ॲट्रोपिन किती देत जायचं, छातीतला घरघराट कमी झाला का, डोळ्यांच्या बाहुल्या किती मोठ्या झाल्या, हे दर काही मिनिटांनी तपासत रात्र काढणारा बहुतेक वेळा तोच. तिसऱ्या वर्षाचा शस्त्रक्रिया करतो, धाकट्यांना शिकवतो, प्रबंध लिहितो आणि परीक्षेच्या धास्तीने बारीक होतो. या तीन वर्षांत मधे तीन महिने निवासी डॉक्टरला जिल्हा रुग्णालय पातळीवर काम करावं लागतं. ही अट अलीकडची आणि माझ्या मते चांगली.

कामाच्या तासांबद्दल मात्र गप्प बसवत नाही. १९९२ च्या केंद्रीय योजनेत निवासी डॉक्टरला सलग बारा तासांवर आणि आठवड्याला ४८ तासांवर सहसा काम देऊ नये असं लिहिलेलं आहे. २०२३ च्या नियमांत आकडा गेला आणि 'वाजवी तास' असा शब्द आला. २०२४ मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्याच कृतिगटाने ७४ तासांची मर्यादा सुचवली. म्हणजे तीस वर्षांत आपण ४८ वरून ७४ वर आलो आणि त्याला सुधारणा म्हणायची. इमर्जन्सीचा पूर्ण दिवस, त्याची रात्र आणि वर दुसऱ्या दिवसाचं सगळं काम असे सलग ३६ तास कुणाला नवीन वाटत नाहीत. ऑगस्ट २०२४ मध्ये कोलकात्याच्या आर. जी. कर रुग्णालयात ज्या पदव्युत्तर विद्यार्थिनीचा बलात्कार करून खून झाला, ती अशाच लांबलेल्या ड्युटीवर होती आणि पाठ टेकायला सेमिनार हॉलमध्ये गेली होती. त्यानंतर देशभर संप झाले. झोपायला कुलूप लागेल अशी खोली, ही मागणी त्यात होती. इतकी साधी.

परदेशाचंही लोक विचारतात. इंग्लंडमध्ये पदवीनंतर सगळ्यांना दोन वर्षांचा पायाभूत कार्यक्रम करावा लागतो, २००५ पासून. साधारण चार-चार महिन्यांच्या सहा नेमणुका, आणि पहिलं वर्ष नीट झालं की पूर्ण नोंदणी. जपानने २००४ पासून दोन वर्षं सक्तीची केली. तिथे पुढच्या प्रवेशाची घाई या काळाला आपल्याइतकी खात नाही, फरक आहे तो एवढाच, पण तो मोठा आहे. गंमत म्हणजे इंग्लंडने २०२४ मध्ये 'ज्युनियर डॉक्टर' हा शब्द टाकून 'रेसिडेंट डॉक्टर' घेतला. ज्युनियर म्हटलं की लोकांना पोरगा वाटतो, म्हणून.

आपलं माणूस अशा रुग्णालयात दाखल असेल तर एक उपयोगाचं सांगते. सरकारी रुग्णालयात पेशंट एका डॉक्टरचा नसतो, युनिटचा असतो. ज्या दिवशी दाखल झालात त्या दिवशी ज्या युनिटची इमर्जन्सी, ते तुमचं युनिट. केसपेपरवर ते लिहिलेलं असतं. राउंड किती वाजता ते नर्सला विचारा आणि त्या वेळी कॉटजवळ एकानेच थांबा, सात जणांनी नको. आजार कुठवर आलाय हे मोठ्या डॉक्टरांना विचारा. सकाळपासून ताप किती वेळा आला, हे इंटर्नला विचारा. त्याला ते पाठ असतं.

दिवाणजींचं बीपी दुसऱ्यांदा १३८ वर ८४ आलं. गोळ्या तशाच ठेवल्या.

या महिन्यात ते परत आले. या वेळी पट्टा बांधल्यावर गप्प बसले. हवा पूर्ण सुटेपर्यंत थांबले आणि मग म्हणाले, "काल रात्री पोराला फोन केला. सध्या कॅज्युअल्टीला आहे. म्हणतंय, बाबा, नळी लावून बसलोय, वीस मिनिटं हलता येत न्हाई, मग करतो. आणि ठेवला की फोन. कसली नळी ओ मॅडम?"

मी विचारलं, "काचेची का, म्हणाला का काही?"